तिसऱ्या वेळचा आग्रह

व्हर्ला हिनरिक्स कुठलंही कॅम्पग्राउंड बघायला गेली की आधी तिथले संडास-बाथरूम बघते. तळं नंतर, झाडं नंतर, आणि मॅनेजरचं गोड बोलणं सगळ्यात शेवटी. दाराची कडी किती उंचावर आहे, लहान पोर आत अडकलं तर बाहेरून उघडता येते का, अंघोळ करताना कोरडे कपडे टांगायला खुंटी आहे का, आणि इमारत पक्की सिमेंटची आहे का. यातलं शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. अमेरिकेतल्या आयोवात उन्हाळ्यात वादळाचा भोंगा वाजला की कॅम्परमध्ये, म्हणजे गाडीमागं ओढायच्या चाकांवरच्या घरात, बसून राहणं म्हणजे पत्र्याच्या डब्यात बसून राहण्यासारखं असतं, आणि मग सगळी वस्ती त्या बाथरूमच्या भिंतींच्या आसऱ्याला धावते.

वॉलनट फोर्क गावात तिनं उभी हयात शाळेची बस चालवली. गावातल्या निम्म्या लोकांनी तिच्या बसमध्ये मार खाल्लाय, दिलाय किंवा उलटी केलीय, आणि त्या सगळ्यांवर तिनं डोक्यावरच्या आरशातून डोळे वटारलेत. त्यामुळे ती निवृत्त झाल्यावर हीच मंडळी आपापल्या पोरांना घेऊन कॅम्परनं कुठं जावं हे तिलाच विचारायला लागली. रविवारी चर्चच्या तळघरात कॉफीचा कप हातात आला की कुणीतरी येतंच. व्हर्ला फार बोलत नाही. ‘बरंय’ म्हणाली तर माणसानं तिथल्या तिथं जागा राखून ठेवावी. ‘तुम्ही बघा, तुम्हाला आवडेलही’ म्हणाली तर त्या दिशेला फिरकू नये. गावातल्या माणसांना एवढं कळतं.

तिची स्वतःची मंडळी दर जुलैत एकत्र मुक्काम टाकतात. व्हर्ला आणि तिचा नवरा ऑर्विल, त्यांची मुलं-सुना-नातवंडं, आणि व्हर्लाची धाकटी बहीण आर्डिस, तिचा नवरा लेलँड. पोरं सायकली घेऊन दिवसभर उंडारायची, बाप्ये गळ टाकून बसायचे, आणि आर्डिसच्या बटाट्याच्या सॅलडचं भलंमोठं भांडं पहिल्याच संध्याकाळी रिकामं व्हायचं. ठिकाण बहुतेक वर्षी क्रुकेड लेक. लेलँडला तिथला लाकडी धक्का फार प्रिय होता. त्यावर आपली हिरवी घडीची खुर्ची मांडून तो मासे धरायचा, म्हणजे धरतोय असं म्हणायचा.

गेल्या वर्षी वसंतात लेलँड गेला. आणि त्यानंतरच्या जुलैत जे झालं ते समजायला आमच्याकडची एक रीत समजून घ्यायला हवी.

आमच्या गावात पहिल्या वेळेला कुणी हो म्हणत नाही. पहिला नकार शिष्टाचाराचा. दुसरा नकार, विचारणारा मनापासून विचारतोय की तोंडदेखलं, हे चाचपायचा. तिसऱ्यांदा विचारलं की मग ‘बरं, तुम्ही एवढं म्हणताच आहात तर’ म्हणून माणूस ताट पुढं करतो. आणि तिसऱ्यांदाही नाही म्हणाला, तर ते खरंखुरं नाही. त्यावर चौथ्यांदा विचारणं म्हणजे अंगावर येणं. चर्चमधल्या ताटातला शेवटचा तुकडा याच कारणानं अर्धा, मग पाव, मग नखाएवढा होत जातो, पण संपत नाही.

तर लेलँड गेल्यावर व्हर्लानं बहिणीला फोन केला. ‘जुलैत आमच्या कॅम्परमध्ये ये, खालचा पलंग मोकळा आहे.’ आर्डिस म्हणाली, नको, तुम्हाला अडचण. पुढच्या रविवारी चर्चमध्ये पुन्हा विचारलं. आर्डिस म्हणाली, बघू कसं जमतं ते. आणि तिसऱ्यांदा व्हर्लानं विचारलंच नाही. दुःखात असलेल्या बाईच्या मागं काय लागायचं, तिला एकटीला राहू द्यावं, असं तिला वाटलं. मन चांगलंच होतं तिचं. पण चांगल्या मनानं केलेला घोळ निस्तरायला जास्त वेळ लागतो.

त्यानंतर आर्डिस रागावली असती तर बरं झालं असतं. ती सभ्य वागायला लागली. चर्चमध्ये भेटली की हवेबद्दल बोलायची, मक्याबद्दल बोलायची, ऑर्विलच्या तब्येतीची चौकशी करायची. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला व्हर्लानं तिच्याकडं भरून पाठवलेलं भांडं तिनं घासूनपुसून लख्ख करून परत दिलं. रिकामं. आमच्या गावात भांडं रिकामं परत जात नाही. निदान चार बिस्किटं तरी टाकतात. व्हर्ला ते भांडं हातात घेऊन स्वयंपाकघरात बराच वेळ उभी राहिली होती.

ईस्टरच्या जेवणानंतर चर्चच्या तळघरात भांडी पुसता पुसता आर्डिसची मुलगी कॉर्लिस सहज बोलून गेली.

“मावशी, गेल्या जुलैत आईची बॅग भरून दाराशी ठेवलेली होती. तुला ठाऊक होतं का?”

“कुठं जाणार होती ती?”

कॉर्लिसनं हातातलं फडकं खाली ठेवलं. “कुठं म्हणजे? तुमच्याबरोबर. सॅलडसुद्धा केलं होतं. तू येशील, नाहीतर फोन तरी करशील, म्हणून वाट बघत बसली. मग संध्याकाळी ते सगळं सॅलड अग्निशामक दलाच्या पोरांना देऊन आली. म्हणाली, उगाच हौस आली म्हणून केलं.”

 पोरांनी भरलेली बस बर्फावरून घसरली असती तर एक वेळ व्हर्लाला चाललं असतं, पण हे नको होतं. घरी आल्यावर तिनं ऑर्विलला सगळं सांगितलं. ऑर्विल टीव्हीकडं बघत म्हणाला, “मग सरळ विचार की तिला या वर्षी.”

“सरळ? तू मला लग्नाचं सरळ विचारलं होतंस का? माझ्या बापाला ट्रॅक्टरच्या टायरबद्दल विचारत बसला होतास आठवडाभर.”

“पण झालं ना लग्न.”

“माझा बाप वैतागला म्हणून झालं.”

पण फोनवर विचारून आता भागणार नव्हतं, हे व्हर्लाला कळत होतं. फोनवर आर्डिस ‘गुडघा दुखतोय’ म्हणाली की विषय संपला. आणि या जुलैतही ती आली नाही, तर ती कायमचीच तुटणार. मग बहीण म्हणजे रविवारी चर्चमध्ये भेटणारी, हवेबद्दल बोलणारी एक बाई. गावात अशा बहिणी आहेत. व्हर्लाला त्यातली एक व्हायचं नव्हतं.

शेवटी तिला युक्ती सुचली. आमच्याकडं आमंत्रण नाकारता येतं, मदत नाकारता येत नाही. तिनं फोन करून सांगितलं, “या वेळी नवीन जागा बघतेय. ऑर्विलची पाठ धरलीय. एक माणूस बरोबर लागतं, येशील का?”

“मदत हवी असेल तर येते की,” आर्डिस लगेच म्हणाली.

मेच्या एका कोरड्या सकाळी ती आली, तेव्हा पाठ धरलेला ऑर्विल अंगणात खताचं पोतं खांद्यावर घेऊन चालला होता. दोघींना बघून त्यानं पोतं खाली टाकलं आणि कमरेवर हात ठेवून कण्हला.

“बराच त्रास दिसतोय,” आर्डिस म्हणाली आणि पिकअपमध्ये बसली.

पहिली जागा महामार्गालगतची, नवी. दारात प्लास्टिकचं मोठं ऊदमांजर, आत पाण्याच्या घसरगुंड्या, उड्या मारायची फुगीर गादी, आइस्क्रीमचं दुकान. मालक तरुण होता, गोल्फच्या छोट्या गाडीतून दोघींना फिरवायला निघाला.

“आमच्याकडं मुलांना क्षणभर कंटाळा येत नाही,” तो म्हणाला.

“आयांना येतो का?” व्हर्लानं विचारलं.

तिनं बाथरूम पाहिली. चकचकीत होती, पण कडी दाराच्या वरच्या टोकाला आणि आतून. मग तिनं पिकअपमधली घडीची खुर्ची काढली, एका मोकळ्या जागेवर मांडली आणि बसली. ही तिची पद्धत. मोकळ्या जागेवर बसायचं आणि बघायचं, की इथून पोरं खेळताना दिसतात का. इथून शेजारच्याचा टीव्ही दिसत होता, त्याच्या ताटातलं सॉसेज दिसत होतं, पण झोपाळे दिसत नव्हते. कॅम्पर एकमेकांना इतके चिकटून लावलेले, की शिंक आली तर शेजारी ‘जपा हं’ म्हणेल. रस्ता सरळसोट. सरळ रस्त्यावर गाड्या पळतात, आणि सायकलवरची पोरं कुठूनही मध्ये येतात. महामार्गावरचे ट्रक घुरघुरत होते ते वेगळंच.

“कसं वाटतं?” व्हर्लानं विचारलं.

“स्वच्छ आहे,” आर्डिस म्हणाली. तिच्या तोंडून याहून वाईट काही निघत नाही.

खुर्ची घडी करता करता व्हर्ला सहज म्हटल्यासारखं म्हणाली, “जुलैत तू ये ना आमच्याबरोबर. खालचा पलंग रिकामाच असतो.”

“नको गं. तुमचं एवढं लटांबर, त्यात माझी लुडबूड कशाला?”

एक झाला. व्हर्लानं खुर्ची पिकअपमध्ये टाकली.

दुसरी जागा धरणावरची, काउंटीची, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या सरकारची. ओकची मोठी झाडं, हवेशीर, कॅम्परच्या जागा ऐसपैस आणि सपाट, वीज-पाण्याची जोडणी प्रत्येकाला. बघून जीव सुखावावा अशी जागा. व्हर्ला सरळ पाण्याच्या काठाशी गेली, एक काटकी उचलली आणि पाण्यात खुपसली. काटकी खाली जातच राहिली. काठ म्हणजे नुसता कडा. एक पाऊल टाकलं की पोर गळ्यापर्यंत पाण्यात, आणि दोरी नाही, पाटी नाही. बाथरूम टेकडीवर, पायऱ्या चढून. आर्डिस त्या पायऱ्यांकडं बघत होती आणि आपण बघतोय हे दिसू देत नव्हती.

“नको,” व्हर्ला म्हणाली. “इथं मला डोळा लागायचा नाही.”

“तुला कुठं लागतो? बसमध्येसुद्धा तू पापणी मिटायची नाहीस म्हणतात.”

लाकडी टेबलावर बसून दोघींनी हॅमची सँडविचं खाल्ली. व्हर्लानं रुबार्बच्या आंबट देठांच्या वड्या आणल्या होत्या. शेवटी एक उरली. व्हर्लानं ती अर्धी केली, आर्डिसनं त्यातली अर्धी केली, आणि उरलेली डब्यात परत गेली.

“पोरं तुझं सॅलड मागतात,” व्हर्ला डब्याचं झाकण लावत म्हणाली. “गेल्या वर्षी मी केलं होतं. कुणी खाल्लं नाही. ये या वर्षी.”

आर्डिस पाण्याकडं बघत होती. “कृती देते की तुला. मोहरी कमी घाल. तू फार घालतेस.”

दोन झाले.  आता एकदाच विचारायचं उरलं होतं, आणि त्यावर नाही आलं तर संपलं. व्हर्लाला त्या घडीला भीती वाटली, खरीखुरी. सत्तरीच्या बाईला बहिणीची भीती वाटावी हे तिचं तिलाच चमत्कारिक वाटलं. तिनं चाव्या उचलल्या आणि म्हणाली, “चला, निघूया.”

दोघी परतीच्या वाटेला लागल्या. शेतात मक्याचे कोंब वर आले होते. समोरून येणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यानं रामराम म्हणून स्टिअरिंगवरचं एक बोट उचललं, व्हर्लानंही उचललं. क्रुकेड लेककडं जाणारा खडीचा फाटा आला आणि मागं गेला. त्या जागेचं नावच व्हर्लानं यंदा काढलं नव्हतं. तो धक्का बघून आर्डिस कोसळेल, असं तिनं धरून ठेवलं होतं.

बऱ्याच वेळानं आर्डिस खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, “क्रुकेड लेकला नवीन बाथरूम बांधलीय म्हणे.”

“हो का?”

“सिमेंटची. कॉर्लिस सांगत होती.” एक शेत गेलं. “पायऱ्या नाहीत. उतार केलाय. गुडघेवाल्यांना बरं पडतं म्हणे.”

“चांगलं केलं,” व्हर्ला म्हणाली आणि गाडी चालवत राहिली.

आरशात मागच्या बाकावरच्या पोरानं च्युइंगम कुठं चिकटवला हे ओळखणारी ही बाई. पण शेजारी बसलेल्या बहिणीला काय हवंय हे तिला पुढच्या चौरस्त्यापर्यंत कळलं नाही. कळलं तेव्हा तिनं एकदम ब्रेक दाबला, पिकअप खडीवर आडवी घातली आणि बस वळवायची त्याच झोकात उलटी फिरवली. धुळीचा लोट उठला.

“अगं, कुठं चाललीस?”

“बाथरूम बघायला.”

 मांडीवरची पर्स आर्डिसनं दोन्ही हातांनी धरून ठेवली होती.

बाथरूम खरंच चांगली होती. जाड भिंती, उतार, बाहेरून नाणं घालून उघडता येईल अशी कडी, आणि दारामागं खुंट्या, एक मोठ्यांच्या उंचीवर आणि एक पोरांच्या. हे ज्याला सुचलं त्याच्या घरी पोरं असणार, असं व्हर्लाला वाटलं. रस्ता तोच जुना, वळणावळणाचा, गाड्यांना रांगायला लावणारा. उथळ पाण्यात दोरी बांधलेली. तिनं खुर्ची मांडली, बसली. झोपाळे दिसत होते, वाळू दिसत होती, धक्का दिसत होता. आणि धक्क्याच्या टोकाशी पर्स धरून उभी असलेली आर्डिस दिसत होती.

व्हर्ला तिच्याजवळ गेली तेव्हा आर्डिस पाण्याकडं बघतच म्हणाली, “इथं लेलँडनं माझा चष्मा पाण्यात पाडला होता.”

“आठवतंय. दुसऱ्या दिवशी गळाला काहीतरी लागलं म्हणून ओरडत सुटला होता.”

“चष्माच होता तो.” आर्डिस हसत होती. “त्याच्या सगळ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा मासा.”

व्हर्लाला रडू आलं. तिनं ते उन्हावर ढकललं, डोळे पुसले आणि राखणदाराच्या कॅम्परकडं गेली. राखणदार पायजम्यावरच बाहेर आला.

“जुलैचा तिसरा आठवडा,” ती म्हणाली. “झोपाळ्यांसमोरच्या जागा.”

“दरवर्षीचीच मंडळी का? किती माणसं?”

व्हर्लानं धक्क्याकडं बघितलं. “एक जास्त धरा.”

“कोण येणार आहे?”

“अजून ठरायचंय.”

आर्डिसच्या घरासमोर पिकअप थांबली. आमच्याकडं निरोप घेणं हे एक वेगळंच काम असतं. आर्डिसनं मांडीवर हात आपटून ‘चला, निघते’ म्हटलं आणि निघाली नाही. मग पावसाचं झालं. मग रुबार्बचं झालं, यंदा देठ बारीक आहेत का. मग शेजाऱ्याच्या नव्या कुंपणाचं झालं. पुन्हा ‘चला’ झालं. आर्डिसनं दार उघडलं, एक पाय खाली ठेवला.

“आर्डिस,” व्हर्ला म्हणाली. तिचे हात स्टिअरिंगवर होते आणि ती समोर बघत होती, कारण तोंडाकडं बघून तिला ते बोलता आलं नसतं. “जुलैत ये. तू नसलीस की मला करमत नाही. गेल्या वर्षी एक दिवस करमलं नाही.”

असलं बोलणं त्या दोघींत कधी झालं नव्हतं. आई गेली तेव्हासुद्धा नाही. आर्डिस एक पाय आत, एक पाय बाहेर अशी तशीच बसून राहिली. मग दुसरा पाय खाली ठेवला, दार हलकेच लावलं आणि एक शब्द न बोलता गुडघा सांभाळत घराकडं चालू लागली. मागं वळूनसुद्धा बघितलं नाही.

व्हर्ला तिथंच बसून राहिली. इंजिन चालू होतं. तिन्ही वेळा विचारून झालं होतं आणि आता विचारायला तोंड उरलं नव्हतं. कशाला ते करमत नाही-बिरमत नाही बोलले, असं तिला वाटलं. साधं विचारलं असतं तर निदान साधं उत्तर आलं असतं. तिनं गिअर टाकला.

तेवढ्यात गॅरेजचं दार कुरकुरत वर गेलं. आर्डिस आतून काहीतरी ओढत आणत होती. घडीच्या दोन खुर्च्या. एक निळी, आणि एक हिरवी, हाताला चिकटपट्टी गुंडाळलेली. ती हिरवी खुर्ची व्हर्लानं लांबूनच ओळखली. ती पटकन खाली उतरली.

“ह्या मला जुलैत उचलायला जमायच्या नाहीत,” आर्डिस धापा टाकत म्हणाली. “आत्ताच घेऊन जा. तो पलंग नाहीतरी रिकामाच जाणार म्हणतेस.”

“रिकामाच जाणार,” व्हर्ला म्हणाली.  “दोन्ही न्यायच्या?”

“दोन्ही.” आर्डिसनं हिरव्या खुर्चीवरचं जाळं हातानं झटकलं. “त्याची धक्क्याकडं तोंड करून ठेवायची. आणि ऑर्विलला तीत बसू देऊ नकोस. त्याची पाठ धरलीय.”